त्रेचाळीस नंबरच्या पानावरचा झरा

नकाशे काढायच्या खोलीत भिंतीवर एकच पाटी होती, आणि ती इतकी जुनी की तिच्याकडे आता कुणी मान वर करून बघतही नसे. ‘अक्षर हलवा, ठिपका हलवू नका.’ म्हणजे असं, की नकाशात एखाद्या विहिरीच्या खुणेवर गावाचं नाव येऊ लागलं, तर नाव बाजूला सरकवायचं. विहीर सरकवायची नाही. नाव काय, माणसानं दिलेलं. विहीर काही कुणाला विचारून तिथे बसलेली नाही.

या पाटीखाली नकाशेवाला एकतीस वर्षं बसला. संगणक आले, टाक आणि दौती कपाटात गेल्या, शेजारच्या खुर्च्यांवरची माणसं बदलली. हा आपला तिथेच. अक्षर मात्र असं, की जुन्या नकाशांवरची त्याची नावं बघून लोक विचारत, हे छापलंय की हातानं काढलंय? तो नुसता हसायचा. प्रत्येकाला कशाचा तरी गर्व असतोच. याला अक्षराचा होता.

त्या गुरुवारी सकाळी त्याच्या टेबलावर त्रेचाळीस नंबरचं पान होतं. त्या पानावर एकच डोंगर. हजारो वर्षं माणसं ज्याला हात जोडत आली, तो डोंगर. तीन सोंडा पसरून बसलेला, माथ्याला काळा कडा, आणि पूर्वेच्या सोंडेवर कोण जाणे कुठल्या काळातल्या भाविकांनी खोदलेल्या पायऱ्या. नवी आवृत्ती काढायची होती, म्हणून जुन्या पानावरची खूण न् खूण मोजणीवहीशी ताडून बघायची होती. मोजणीदारानं सगळा डोंगर पायी हिंडून ही वही लिहिली होती. तो बिचारा केव्हाच देवाघरी गेला. वहीत मात्र चपटी झालेली नेच्याची पानं तशीच होती, आणि त्याचं बारीक, घाईघाईचं अक्षर.

नकाशेवाल्याचा हात पानं उलटत होता, पण जीव थाऱ्यावर नव्हता. आज ताई डोंगरावर गेली होती.

ताई म्हणजे थोरली बहीण, सहासष्ट वर्षांची. जन्मभर शिवणयंत्र चालवून लोकांचे कपडे शिवले, त्यात गुडघे गेले. जिभेला मात्र कुणी टाका घालू शकलं नाही. लहानपणी हा भिंतीवर रेघा ओढायचा, म्हणून तिनं त्याचं नाव ठेवलं रेघोट्या, आणि हा साठीला आला तरी ते काही बदललं नाही.

रविवारी ती घरी आली होती.

“रेघोट्या, गुरुवारी डोंगर चढणार आहे मी. जुन्या पायऱ्यांनी.”

“अगं, मागच्या बाजूनं मोटारीचा रस्ता आहे की थेट वरपर्यंत.”

“तो तुझ्यासारख्यांना. मला काही मागायचं नाही, फेडायचं नाही. नुसतं भेटायला जायचं, तर निदान चालत तरी जावं. येतोस का?”

“गुरुवारी कामाचा दिवस. आणि नेमकं त्याच डोंगराचं पान आलंय माझ्याकडे.”

“एकतीस वर्षं त्याचं तोंड काढतोयस, आणि एकदाही त्याच्या दारात गेला नाहीस. तो काय म्हणत असेल?”

“काही म्हणत नाही. गप्प असतो. म्हणून तर पटतं आमचं.”

ताई हसली. मग म्हणाली, “पाणी किती घेऊ? ओझं झालं की गुडघे बोंब मारतात.”

आणि हा काय म्हणाला? वर्तमानपत्रातून डोकंही वर न काढता म्हणाला, “एक बाटली पुरे. अर्ध्या वाटेवर, पायऱ्यांच्या कडेलाच बारमाही झरा आहे. नकाशात दाखवलाय.”

“तुझ्या नकाशात? मग झालं! देवाच्या खालोखाल तुझ्यावरच विश्वास माझा.” असं म्हणून तिनं त्रेचाळीस नंबरच्या पानाची एक प्रत मागून घेतली, घडी घालून पिशवीत ठेवली आणि गेली. फोन ती कधीच जवळ बाळगायची नाही. म्हणायची, देवाकडे जाताना खिशात टपालवाला कशाला?

साडेदहाच्या सुमाराला नकाशेवाल्यानं वहीचं पुढचं पान उलटलं. मोजणीदारानं लिहिलं होतं: ‘माथ्याचा काळा दगड भेगाळ, पावसाचं पाणी सगळं आत जिरतं. त्याखाली तांबड्या मातकट दगडाचा थर, तो पाणी धरतो. थर पश्चिमेकडे कललेला. म्हणून झरा सोंडेच्या माथ्यावरच्या धारेच्या पश्चिमेला, बारमाही. पूर्वेला, पायऱ्यांच्या बाजूला, पाणी अजिबात नाही. असणार नाही.’

त्यानं भिंग उचललं आणि छापलेल्या पानावर धरलं. निळा ठिपका धारेच्या पूर्वेला होता.

पुन्हा बघितलं. भिंग पुसून बघितलं. ठिपका काही हलला नाही. हलायचा तेव्हाच हलून बसला होता.

मग सगळं आठवलं. बावीस वर्षांपूर्वीची ती दुपार. पूर्वेच्या कड्यावर उंचीच्या रेषा इतक्या दाटल्या होत्या, की पायऱ्यांचं नाव लिहायला तिथे जागाच नव्हती. म्हणून ‘प्राचीन कोरीव पायऱ्या’ ही अक्षरं धारेच्या पश्चिमेला, सोंडेच्या वळणावळणानं अशी काही उतरली होती की बघत राहावं. आणि नेमक्या ‘कोरीव’च्या पोटात तो निळा ठिपका. अक्षरं पुसून पुन्हा लिहायची, तर ते वळण पुन्हा जमेल याची काय खात्री? त्यानं ठिपका पाच मिलिमीटर पूर्वेला घेतला. पायऱ्यांच्या कडेला झरा, किती शोभून दिसला! उद्या मोजणीदाराला विचारू म्हणाला. मोजणीदार दुसऱ्या डोंगरावर होता. तिकडून तो आलाच नाही, त्याच्या आजारपणाची बातमी आली. आणि हा विसरला. पाटी डोक्यावर होतीच.

कागदावर पाच मिलिमीटर. डोंगरावर सव्वाशे मीटर, आणि मधे तलवारीसारखी धार.

त्यानं वही मिटली. घड्याळ बघितलं. ताई सातला चढायला लागली असेल. ऊन कसलं पडलंय. तिची ती एक बाटली. त्यानं पायथ्याच्या चौकीत फोन लावला, वाजत राहिला. घरी लावला.

“ताईचा काही निरोप?” त्यानं बायकोला विचारलं.

“ताई फोन कुठे नेतात? काय झालं?”

“काही नाही.”

“काही नाही म्हणायला तुम्ही आजवर कधी कामावरून फोन केलाय का?”

तो वही आणि पान घेऊन मोठ्या बाईंच्या खोलीत गेला. बाई खात्याच्या प्रमुख, वयानं त्याच्याहून लहान, पण त्याला मान देऊन बोलायच्या. त्यांनी दोन्ही कागद बघितले आणि म्हणाल्या, “चूक मोठी आहे. दुरुस्तीच्या वहीत लिहून ठेवा. पुढच्या आवृत्तीत होऊन जाईल.”

“ती कधी निघेल?”

“दोन वर्षं धरा.”

“बाई, माझी बहीण आज चढतेय. हेच पान घेऊन. मीच दिलंय.”

बाईंनी चष्मा काढला. “मग तुम्ही इथे उभे राहून काय करताय?”

बसमध्ये त्याला खिडकीची जागा मिळाली, पण बसवेना. दर थांब्याला उठायचा, पुढे डोकवायचा, पुन्हा बसायचा. शेवटी चालक आरशातून बघत म्हणाला, “काका, तुम्ही उठलात म्हणून गाडी लवकर पोचायची नाही.” दोन-चार माणसं हसली. हा हसला नाही. त्यानं पिशवीत दोन बाटल्या भरून घेतल्या होत्या, त्या पुन्हा पुन्हा चाचपत होता. मनात एकच चाललं होतं: देवा, अक्षर माझं, चूक माझी, हिशेब माझ्याशी कर, तिच्याशी नको.

साडेबाराला पायथा आला. आणि डोंगर समोर उभा राहिला.

एकतीस वर्षं त्यानं हा डोंगर वरून बघितला होता, पाखरू बघतं तसा. खालून कधी बघितलाच नव्हता. वरून तो रेषांचा गुंता असायचा, एकात एक गेलेल्या, शांत. खालून तो नुसता दगड होता, आभाळापर्यंत गेलेला. नकाशावर जो काळा कडा त्यानं दाढीचे केस चितारावेत तशा बारीक रेघांनी दाखवला होता, तो वरून त्याच्याकडे बघत होता. त्यानं हात जोडले, पण नीट नमस्कारही झाला नाही. पाय आधीच पहिल्या पायरीवर होते.

पायऱ्या गुडघाभर उंच, मधोमध झिजून वाट्यांसारख्या झालेल्या. किती पावलं गेली असतील? प्रत्येक पायरीच्या कोपऱ्यात खोदणाऱ्यानं आपली खूण ठेवलेली: कुठे मासा, कुठे कात्री, कुठे नुसत्या तीन रेघा. नाव कुणाचंच नव्हतं. दुसऱ्या कुठल्या दिवशी तो एकेका खुणेवर बोट फिरवत बसला असता. आज तो एकेक पायरी हातानं गुडघा दाबत चढत होता आणि हाका मारत होता. “ताई! ए ताई!” कडा तेच शब्द परत करत होता. भेगांतून पाकोळ्या उडायच्या आणि पुन्हा भेगांत शिरायच्या.

नकाशावर एका ठिकाणी बोटाच्या पेराएवढ्या जागेत त्यानं उंचीच्या अकरा रेषा ओढल्या होत्या. तेव्हा हाताला काही झालं नव्हतं. आज त्या अकरा रेषा चढताना छाती फुटायची वेळ आली. डोळ्यांपुढे काजवे चमकले. पुढे पायऱ्या घसाऱ्यात गाडल्या गेल्या होत्या. सुटे दगड पायाखालून निघायचे आणि बराच वेळ खाली गडगडत राहायचे. नेचे वाळून तांबडे पडले होते. खरंच, या बाजूला पाण्याचा थेंब नव्हता. मोजणीदारानं लिहिलंच होतं, असणार नाही.

घसारा संपला तिथे, एका पायरीवर, ताईची बाटली उभी होती.

रिकामी.

तो मटकन खालीच बसला. बाटली उचलली, झाकण उघडलं, आत बघितलं, जणू आत ताईच असेल. मग कड्याच्या बाजूला जाऊन खाली डोकावला, आणि लगेच डोळे मिटून घेतले. नंतर उठला तो चढला नाही, स्वतःला ओढत गेला. हातानं, कोपरानं, कसाही. आपल्या दोन बाटल्यांपैकी एकीलाही त्यानं तोंड लावलं नव्हतं. एक घसाऱ्यात निसटून गेली होती, आणि दुसरी तिच्यासाठी होती.

वळण ओलांडलं, तर पायऱ्यांच्या कडेला एक सपाट जागा. नकाशावर तिथेच निळा ठिपका. एका पुढे आलेल्या खडकाची सावली, सावलीत ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या दोन घागरी, त्यांवर पालथा घातलेला पेला, आसपास सात-आठ शेळ्या. आणि खडकाला पाठ टेकून, पाय लांब करून, एका काळ्यासावळ्या उंच बाईशी गप्पा मारत बसलेली ताई.

ताईनं त्याच्याकडे बघितलं, आणि ओळखच नसल्यासारखी नजर शेळ्यांकडे वळवली.

“या, या,” ती दुसरी बाई उठली. शेळ्या तिच्याच होत्या. “आधी बसा. किती धापा टाकताय! घ्या पाणी. एकदम नको, घोट घोट.”

तो प्यायला. तीन पेले प्यायला.

“नकाशा बघून आलात ना?” शेळीवालीनं विचारलं.

त्यानं मान डोलावली.

“मला माहीतच असतं. कागद घेऊन येतात ते असेच येतात, या बाजूनं. आता विचाराल झरा कुठेय. नाहीये झरा. कधी नव्हताच. कुण्या शहाण्यानं कागदावर काढून ठेवलाय.”

“कोण हो असेल तो मेला?” ताईनं विचारलं. आवाज इतका भोळा, जसं काही ठाऊकच नाही.

“असेल कुणी खुर्चीवाला. पंख्याखाली बसून त्याला तहान कुठली लागायला?” शेळीवाली खाली बसली. “अकरा वर्षं झाली. इथे या दगडापाशी एक म्हातारा पडलेला सापडला मला. ओठ फुटलेले, हातात कागद. शेळीचं दूध पिळलं त्याच्या तोंडात, तेव्हा हलला. शुद्धीवर आल्यावर पहिलं काय म्हणाला सांगू? म्हणाला, देव खोटा आहे, त्याच्या डोंगरावर पाणी नाही. मला ते लागलं हो. डोंगराला पाणी आहे, धारेच्या पलीकडे गार पाणी आहे. मग दुसऱ्या दिवशी दोन घागरी भरून इथे आणून ठेवल्या. म्हटलं, कागदावर इथे पाणी आहे ना, मग इथे पाणी असेल. डोंगर खोटा ठरायला नको. तेव्हापासून रोज.”

“रोज?” नकाशेवाल्याला विचारायचं नव्हतं, पण निघून गेलं.

“ताप आला तर नणंद आणते. पण रोज.”

“आणि त्याच्या आधी?” तो म्हणाला. “नकाशा बावीस वर्षांपूर्वीचा आहे. आधीच्या अकरा वर्षांत आले असतील त्यांचं?”

शेळीवालीनं खांदे उडवले. “मी नव्हते इथे. लग्न होऊन नंतर आले. कोण आलं, कोण परत गेलं, मला काय ठाऊक?”

एक शेळी घागरीकडे सरकली, तिला तिनं हातानं ढकललं. ताई आता सरळ भावाकडे बघत होती. लहानपणी भिंतीवर रेघा दिसल्या की आई विचारायची, कुणी केलं हे, आणि ताई अशीच शेजारी उभी राहून त्याच्याकडे बघायची. सांगायची कधीच नाही. नुसती बघायची.

“तो खुर्चीवाला मीच,” नकाशेवाला म्हणाला.

शेळीवालीनं त्याला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. खरचटलेली कोपरं, धुळीनं माखलेलं तोंड.

“तुम्ही?”

“मी. झरा धारेपलीकडेच होता. मीच अलीकडे घेतला.”

“अहो, रोज शिव्या घालते मी तुम्हाला! धार चढताना एक, उतरताना एक!”

“कमीच घातल्यात,” तो म्हणाला.

“पण का? पाणी सरकवायचं काय कारण?”

आता हे सांगायचं कसं? त्याला वाटलं, खाली डोकावलो होतो तेव्हाच पडलो असतो तर बरं झालं असतं.

“अक्षरं नीट बसत नव्हती,” तो म्हणाला.

“अक्षरं,” शेळीवाली म्हणाली. मग पेला उचलून पुन्हा घागरीवर पालथा घातला. शिवी दिली असती तर परवडली असती.

शेवटी ताईनं तोंड उघडलं. “माझा धाकटा भाऊ आहे हो हा. मघापासून गप्प बसले होते. म्हटलं, बघू तरी, सांगतो की पाणी पिऊन तोंड पुसतो.” मग त्याच्याकडे वळून, “आणि तुझं तोंड असं का झालंय? रडलास की काय?”

“तुझी बाटली दिसली. रिकामी.”

“रिकामी झाली म्हणून ठेवली तिथे. ओझं कशाला? उतरताना घेणारच होते की! अरे, अकरापासून इथे बसलेय मी. या बाईंनी एवढ्या गोष्टी सांगितल्या या डोंगराच्या, उठावंसंच वाटेना.”

त्याला हसावं की चिडावं कळेना. तो उठला. घागरी बघितल्या. एकीत थोडं उरलं होतं, दुसरी रिकामी.

“मला दाखवा,” तो शेळीवालीला म्हणाला. “झरा कुठे आहे तो.”

“आत्ता? तुमच्यानं व्हायचं नाही.”

“दाखवा.”

“ने गं बाई त्याला,” ताई म्हणाली. “शेळ्या बघते मी. माणसं सांभाळण्यापेक्षा सोपं असेल.”

धारेवर चढायला कड्यात जुन्या खोबणी खोदलेल्या होत्या, हात आणि पाय बसतील एवढ्या. वारा असा, की उभं राहवेना. वर आल्यावर पहिल्यांदा त्याला दोन्ही बाजू एकदम दिसल्या: इकडे तांबडा, वाळलेला उतार; तिकडे हिरवा, नेच्यांनी आणि शेवाळानं भरलेला. वर कुठेतरी ससाणा घिरट्या घालत होता. आणि खाली, काळ्या दगडाच्या पायाशी तांबडा थर सुरू होतो नेमका तिथे, पाण्याची करंगळीएवढी धार. मोजणीदारानं लिहिलं होतं तश्शी.

पाणी दगडी ओठावरून पडत होतं. त्या ओठाला मधे खोलगट झिजलेली जागा होती, ओंजळ टेकवून टेकवून झालेली. शेजारी दगडावर एक हात कोरलेला, त्याचं एक बोट पाण्याकडे. कोरणारा कोण, कधीचा, कुणालाच माहीत नाही. बोट अर्धं झिजलेलं, पण दिशा पक्की. खाली कोपऱ्यात मासा. पायऱ्यांवरच्या माशासारखाच.

नकाशेवाला त्या बोटाकडे बघत राहिला. त्यानं खिशातून पेन्सिल आणि मोजणीवही काढली, वहीत काहीतरी लिहायला गेला आणि हात इतका थरथरला, की ती अक्षरं त्याची आहेत असं कुणाला वाटलं नसतं. कशीबशी दोन ओळी लिहिल्या. मग बरोबर आणलेली, थोडं पाणी उरलेली घागर भरली.

परत येताना अर्धी सांडली. धारेवर त्याचा पाय घसरला, शेळीवालीनं दंड धरला. “पाण्याकडे बघू नका, पायाकडे बघा,” ती ओरडली. “मला पहिल्या वर्षी हेच जमत नव्हतं.”

घागर खडकाच्या सावलीत टेकवली तेव्हा त्याचा खांदा सोलून निघाला होता. ताईनं ओलं फडकं पिळून त्यावर ठेवलं.

“आज वर नाही जायचं,” ती म्हणाली. “ऊन उतरलंय, खाली जाऊ. तो काय पळून चाललाय? पुन्हा येऊ.”

“नवीन नकाशा कधी निघणार?” शेळीवालीनं विचारलं. “खरा.”

“दोन वर्षांनी.”

“म्हणजे आणखी दोन वर्षं माझी. ठीक आहे, अकरा झाली, त्यात दोन. गुडघे दुवा देतील तुम्हाला.”

“शनिवार-रविवार मी येईन,” नकाशेवाला म्हणाला. “ते दोन दिवस माझे. तुम्ही नका आणू.”

“अर्धी सांडून?”

“शिकेन.”

शेळीवालीनं शेळ्यांना हाक दिली. जाता जाता ती थांबली. “पण एक सांगा. तुमचा नवा कागद निघाला, तरी जुना ज्यांच्या घरी आहे त्यांचं काय? कपाटात ठेवलेला असतो हो लोकांच्या. बापाचा कागद पोरगा घेऊन येतो. ते तर येतच राहणार की इथे?”

त्या पानाच्या किती प्रती छापल्या होत्या ते त्याला माहीत होतं. त्या आज कुणाच्या कपाटात, कुणाच्या पिशवीत होत्या, ते कोण सांगणार?

ताई गुडघ्यावर हात देऊन उठली होती. “चल रे रेघोट्या. माझी बाटली घ्यायचीय वाटेत.”

“थांब जरा,” तो म्हणाला, आणि त्यानं दुसरी, रिकामी घागर उचलली. “ही राहिली.”